डावखुरा नऊ

आधी काटे बघायचे.
सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांना टेकतो का,
की दुसऱ्याच कुठल्या घड्याळातून येऊन
आखूड पडतो,
थोरल्याच्या अंगात धाकट्याचा सदरा.
मग पट्टा धरणारे कान.
त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजल्या असतील
तर केस घासलेली, पैसे कमी.
चावीवरचं अक्षर. पाठच्या झाकणाचे आटे.
आणि सगळ्यांत शेवटी तबकडी,
कारण तबकडीइतकं सफाईने
कुणी खोटं बोलत नाही.

हे मी अकरा वर्षांत शिकले.
आठवडाभर वागळे इस्टेटमध्ये
बेअरिंगचे व्यास मोजायचे
आणि रविवारी राबोडीत,
इस्माईल मुकादमांच्या दुकानात.
दुकान म्हणजे जिन्याखालचं कपाट,
एक दिवा, दोन स्टुलं.

परवा त्यांनी एक जुनं एचएमटी पुढे केलं.
देवनागरी आकडे, सतरा ज्युवेल.
चावी दिली, तसं रातकिड्यासारखं जागं झालं.
"एकदम ओरिजिनल, ताई. एका मास्तरांच्या घरून आलंय."

मी लूप डोळ्याला लावला.
कंपनीचा आकडा छापलेला असतो,
शाई सगळीकडे सारखी, सपाट.
इथे शाईला सुरुवात होती
आणि शेवट होता.
बाराची रेघ केसभर सरकलेली.
"रंगवलेली आहे," मी म्हटलं. "तीनशे कमी करा."
त्यांनी केले.

कोलबाडला घरी येऊन, टेबललॅम्पखाली,
निव्वळ सवयीने पुन्हा बघितलं
आणि नवावर अडकले.
ब्रश टेकतो तिथे रंग दाट,
उचलतो तिथे विरळ.
या नवाचं फाटं उजवीकडे दाट होऊन निघालं होतं
आणि डावीकडे जाता जाता विरलं होतं.
पाचाचंही तसंच. दोनाच्या शेपटीचंही.

इतकं उलटं एकच माणूस काढायचं.

चेंदणीच्या खोलीत, मोरीच्या बाजूला,
पाटावर बसून
आई तबकड्या रंगवायची,
दीड रुपयाला एक.
शाळेत पट्टी मारमारून
मास्तरांनी तिला उजव्या हातावर आणलं होतं.
सही ती उजव्यानेच करायची.
तबकडी डाव्याने.
खारीच्या शेपटीचे तीन केस,
आणि आकडा पुरा होईतो श्वास बंद.
तेवढ्यात हाक मारायची नाही,
कढी उतू गेली तरी.
काट्यांत हिरवं भरून उरलं
की एक ठिपका माझ्या करंगळीच्या नखावर.
रात्री वीज गेली की ते नख
मी भावाला पाच-पाच पैशांना दाखवायचे.

मग क्वार्ट्झ आलं, काम थांबलं.
ब्रशांचं काय झालं, माहीत नाही.
तिला मी विचारलं नाही,
आणि विचारता येईल असे दिवस
पुष्कळ होते.

तीनशे रुपये.
दीडने भागले.
दोनशे तबकड्या.

या रविवारी ते परत द्यायला गेले.
मुकादम नोटा हातात धरून बघत राहिले.
"डायल रंगवलेली निघाली ना, ताई?"
हो म्हटलं.
"मग?"
सांगायला घेतलं, पण जमेना,
म्हणून विचारलं, अशा अजून आहेत का.

त्यांनी बिस्किटांचा डबा उपडा केला.
वर्षानुवर्षांचा बाद माल,
त्यातला निम्मा मीच बाद केलेला.

दुपारच्या अजानपर्यंत बसले.
एकतीस तबकड्या पाहिल्या.
काही फार सुरेख होत्या.
सगळ्या उजव्या हाताच्या.